४२९४९६७२९५ : पाच मूळ संख्यांचा गुणाकार आणि सहाव्या पायरीवर तुटणारी साखळी

कर्कटक (धागाकर्ता)

संगणकाशी थोडाफार संबंध आलेल्या प्रत्येकाने ४२९४९६७२९५ ही संख्या कुठे ना कुठे पाहिलेली असते. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे पंच्याण्णव. बत्तीस बिटांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या एवढीच तिची ओळख बहुतेक ठिकाणी दिली जाते आणि विषय तिथेच आटोपतो. ही ओळख चुकीची नाही, पण अपुरी आहे. संगणक अस्तित्वात नसते तरी संख्यासिद्धांतात या संख्येला मान मिळालाच असता, असे माझे मत आहे आणि त्याची कारणे मांडण्यासाठी हा धागा काढला आहे.

सुरुवात अवयवांपासून करू. ही संख्या २^३२ − १ आहे. दोन वर्गांच्या वजाबाकीचे शाळेतले सूत्र वापरले की तिचे (२^१६ − १)(२^१६ + १) असे दोन तुकडे पडतात. पहिल्या तुकड्यावर तेच सूत्र पुन्हा चालते, मग त्यातल्या पहिल्या तुकड्यावर पुन्हा, आणि शेवटी २ − १ म्हणजे नुसता १ उरतो. हाती येते ते असे:

४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७

हे पाचही अवयव मूळ संख्या आहेत, आणि त्या कोणत्याही पाच मूळ संख्या नव्हेत. त्या पाच फर्मा संख्या आहेत : २^१ + १, २^२ + १, २^४ + १, २^८ + १ आणि २^१६ + १. घातांक दर वेळी दुप्पट होतो. या पाच मूळ आहेत हे फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मा याला ठाऊक होते आणि या पद्धतीने पुढे तयार होणारी प्रत्येक संख्या मूळच असेल, असा विश्वास त्याने १६४० मधील पत्रांत व्यक्त केला होता. त्याच्यापाशी सिद्धता नव्हती. पुढची, म्हणजे सहावी संख्या २^३२ + १ = ४२९४९६७२९७. आपल्या संख्येपेक्षा ती फक्त दोनने मोठी आहे आणि नेमकी तीच मूळ नाही. लेओनहार्ड ऑयलरने १७३२ मध्ये तिला ६४१ ने निःशेष भाग जातो हे दाखवले : ६४१ × ६७००४१७.

त्यानंतरच्या जवळजवळ तीनशे वर्षांत सहावी फर्मा मूळ संख्या कोणालाही सापडलेली नाही. त्यामुळे ४२९४९६७२९५ हा आजवर ज्ञात असलेल्या सर्व फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार ठरतो. या संख्येचे बहुतेक सुंदर गुणधर्म या एका गोष्टीतून निघतात, आणि ते सगळे एका पायरीनंतर एकदमच कोसळतात. मला त्यातले सर्वांत लक्षवेधी वाटते ते हे एकाच वेळी कोसळणे.

भूमितीचा भाग सविस्तर लिहायचा आहे, तो पुढच्या प्रतिसादात देतो. तोवर इतरांनी आपापल्या बाजूने भर घालावी.

रिकामा_अभियंता

उत्तम विषय. संगणकाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण धागाकर्त्यांनी ती बाजू एका वाक्यात उरकली आहे.

द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून लिहिली, तर ही संख्या म्हणजे ओळीने बत्तीस एके. इंटरनेटवरील पत्त्यांच्या आयपी पद्धतीच्या जुन्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीत २५५.२५५.२५५.२५५ हा पत्ता हीच संख्या आहे. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर भरपूर जागा शिल्लक असतानाही चार जीबीची एखादी फाइल उतरत नाही, याचे कारण हेच की त्या पद्धतीत फाइलचा आकार जास्तीत जास्त ४२९४९६७२९५ बाइट नोंदवता येतो. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये एक मोजणी मिलिसेकंदांत चालत असे. ती बत्तीस बिटांची होती, त्यामुळे संगणक बंद न करता ४९ दिवस, १७ तास आणि सुमारे तीन मिनिटे चालू ठेवला की ती पुन्हा शून्यावर येई आणि यंत्रणा गोठू शके. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ज्या यंत्रणा चिन्हरहित बत्तीस बिटांत मोजतात, त्यांची मोजणी ७ फेब्रुवारी २१०६ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ११ वाजून ५८ मिनिटे १५ सेकंदांनी या संख्येवर पोहोचेल.

मात्र मला याहून आवडणारी गोष्ट भागाकाराची आहे. संख्येला तिच्या पाच अवयवांनी एकेक करून भागा आणि भागाकार द्विमान पद्धतीत लिहा.

३ ने भागल्यास १४३१६५५७६५ मिळतात, म्हणजे ०१०१०१०१… असे बत्तीस अंक.
५ ने भागल्यास ८५८९९३४५९, म्हणजे ००११००११…
१७ ने भागल्यास २५२६४५१३५, म्हणजे ००००११११००००११११…
२५७ ने भागल्यास १६७११९३५, म्हणजे आठ शून्ये, आठ एके, पुन्हा आठ शून्ये, आठ एके.
६५५३७ ने भागल्यास ६५५३५, म्हणजे सोळा शून्ये आणि सोळा एके.

कारण अगदी साधे आहे. बत्तीस एके म्हणजे ‘११’ या जोडीच्या सोळा प्रती, आणि द्विमान ११ म्हणजे ३, त्यामुळे ३ ने भागल्यावर प्रत्येक जोडीच्या जागी ०१ उरते. बाकीच्या चार भागाकारांतही हाच न्याय लागू होतो. एखाद्या शब्दातले किती बिट १ आहेत हे झटपट मोजण्याचा जो प्रसिद्ध आज्ञाक्रम आहे, त्यात हेच आकृतिबंध गाळणीसारखे वापरले जातात : आधी शेजारच्या दोन बिटांची बेरीज, मग दोन-दोन बिटांच्या गटांची, मग चार-चारच्या. आम्ही हे स्थिरांक वर्षानुवर्षे सोळामान पद्धतीत टंकत असतो, पण ते एकाच संख्येला फर्माच्या मूळ संख्यांनी भागून मिळतात याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

कर्कटक

धन्यवाद. ते भागाकार असे एकाखाली एक पाहताना खरोखर आनंद झाला. आता भूमितीकडे वळतो.

कंपास आणि खुणा नसलेली पट्टी, एवढीच साधने घेऊन कोणते सुसम बहुभुज काढता येतात हा प्रश्न ग्रीकांपासूनचा आहे. त्रिकोण, चौकोन, पंचकोन आणि पंधरा बाजूंचा बहुभुज हे युक्लिडला जमत होते. शिवाय कोणत्याही बहुभुजाच्या बाजू दुप्पट करणे सोपे, कारण त्यासाठी फक्त कोन दुभागावा लागतो. त्यानंतर सुमारे दोन हजार वर्षे या यादीत काहीही नवे आले नाही. ३० मार्च १७९६ रोजी, वयाची एकोणीस वर्षे पूर्ण व्हायला एक महिना उरलेला असताना, कार्ल फ्रीडरिश गाउसने सतरा बाजूंचा सुसम बहुभुज रचता येतो हे शोधून काढले. १८०१ मध्ये त्याने सर्वसाधारण अट मांडली आणि त्या अटीबाहेरचे बहुभुज रचताच येत नाहीत याची पूर्ण सिद्धता पिएर वाँझेल याने १८३७ मध्ये प्रसिद्ध केली.

अट अशी आहे : बाजूंची संख्या म्हणजे २ चा एखादा घात गुणिले वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्या. प्रत्येक फर्मा मूळ संख्या जास्तीत जास्त एकदाच येऊ शकते. म्हणून नऊ बाजूंचा बहुभुज रचता येत नाही, कारण तिथे ३ दोनदा येतो, आणि सात बाजूंचाही नाही, कारण ७ ही फर्मा संख्याच नाही.

वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या बहुभुजांपासून त्यांच्या गुणाकाराइतक्या बाजूंचा बहुभुज कसा मिळतो, हे पंधरा बाजूंच्या उदाहरणात हाताने करून पाहता येते. एकाच वर्तुळात एकाच बिंदूपासून सुसम त्रिकोण आणि सुसम पंचकोन काढा. पंचकोनाच्या दोन बाजूंनी व्यापलेला कंस १४४ अंशांचा, त्रिकोणाच्या एका बाजूचा १२० अंशांचा, आणि त्यांच्यातला फरक २४ अंश, म्हणजे वर्तुळाचा बरोबर पंधरावा भाग. अपूर्णांकांत लिहायचे तर २/५ − १/३ = १/१५. एक्कावन्न बाजूंसाठी ६/१७ − १/३ = १/५१. दोन संख्या सहमूळ असल्या, म्हणजे १ सोडून त्यांना सामाईक विभाजक नसला, की अशी वजाबाकी नेहमीच साधता येते, म्हणून पाच बहुभुज हाती असतील तर त्यांच्यापासून पाचांच्या गुणाकाराचाही बहुभुज निघतो.

विषम बाजूंचा, रचता येतो असे माहीत असलेला सर्वांत मोठा सुसम बहुभुज म्हणूनच ४२९४९६७२९५ बाजूंचा आहे. या संख्येचे एकूण ३२ विभाजक आहेत. त्यांतला १ वगळला की उरलेले ३१ विभाजक म्हणजे रचनाक्षम विषम बहुभुजांची आज माहीत असलेली संपूर्ण यादी.

तत्त्वतः रचता येतो याचा अर्थ कोणी रचेल असा नाही, हे सांगायला नकोच. तरीही माणसाच्या चिकाटीला कमी लेखू नये. योहान हर्मेस या जर्मन गणितज्ञाने ६५५३७ बाजूंच्या बहुभुजाच्या रचनेवर सुमारे दहा वर्षे घालवली आणि १८९४ मध्ये काम पूर्ण केले. त्याचे हस्तलिखित ग्यॉटिंगन विद्यापीठात जपून ठेवलेले आहे. हा उद्योग गणिताला फारसा उपयोगी पडला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सांगलीकर

धागाकर्त्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. चार अब्जांहून अधिक बाजूंचा बहुभुज आणि वर्तुळ यांत प्रत्यक्षात काही फरक उरतो का?

रिकामा_अभियंता

सांगलीकर, आकडेमोड करून पाहिली. वर्तुळ म्हणून पृथ्वीचे विषुववृत्त घेऊ, परीघ सुमारे ४०,०७५ किलोमीटर. त्यात हा बहुभुज बसवला तर त्याची एक बाजू सुमारे ९.३ मिलिमीटरची होते, म्हणजे जेमतेम करंगळीच्या नखाएवढी. बाजूच्या मध्यापाशी ती सरळ रेषा आणि वर्तुळाचा कंस यांच्यातले अंतर बाजूचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट या सूत्राने काढता येते. ते एका मीटरच्या एक लाख-कोटीव्या भागाच्या सुमारे १.७ पट इतके भरते. हायड्रोजनच्या अणूचा व्यास याच्या सुमारे साठपट असतो. तेव्हा पृथ्वीएवढ्या आकृतीतही हा फरक कोणत्याही पट्टीने मोजता येणार नाही.

मेरुप्रस्तार

माझे टोपणनाव वाचून अंदाज आलाच असेल. पास्कलचा म्हणून शिकवला जाणारा त्रिकोण आपल्याकडे दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदःसूत्रांवरील टीकेत मेरुप्रस्तार या नावाने समजावून सांगितला आहे. शिखरावर १, प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना १ आणि मधली प्रत्येक संख्या म्हणजे तिच्या वरच्या दोन संख्यांची बेरीज, असा तो त्रिकोण. त्यात ही संख्या लपलेली आहे.

त्रिकोणातील प्रत्येक विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहा. मग प्रत्येक ओळ ही द्विमान संख्या आहे असे समजून वाचा. पहिली ओळ १. दुसरी ११ म्हणजे ३. तिसरी १, २, १ होती, ती १०१ झाली म्हणजे ५. चौथी १, ३, ३, १, म्हणजे ११११, म्हणजे १५. पाचवी १, ४, ६, ४, १, म्हणजे १०००१, म्हणजे १७. पुढे ५१, ८५, २५५, २५७ असे येत राहते. धागाकर्त्यांनी सांगितलेली रचनाक्षम विषम बहुभुजांची यादी ती हीच, आणि चढत्या क्रमाने! बत्तिसाव्या ओळीत सगळ्या संख्या विषम आहेत, त्यामुळे तिथे बत्तीस एके मिळतात. ती आपली ४२९४९६७२९५.

हा योगायोग नाही. द्विपद विस्तारात सम सहगुणक टाकून दिले की (१ + क्ष) चा वर्ग १ + क्ष^२ होतो, चौथा घात १ + क्ष^४ होतो, आठवा घात १ + क्ष^८. क्ष च्या जागी २ ठेवले की याच फर्मा संख्या. शिखराला शून्य क्रमांक दिला तर पाच क्रमांकाच्या ओळीत ५ = ४ + १, म्हणून तिथे १७ × ३ = ५१ येतात. सहा क्रमांकाच्या ओळीत ६ = ४ + २, म्हणून १७ × ५ = ८५. एकतीस क्रमांकाची ओळ १ + २ + ४ + ८ + १६ असल्यामुळे तिच्यात पाचही एकदम येतात. त्यानंतरच्या ओळीत दोन्ही टोकांना १ आणि मध्ये सगळी शून्ये, म्हणजे ४२९४९६७२९७, आणि तिथे ऑयलरचा ६४१ आडवा येतो. त्रिकोण तसाच पुढे वाढत राहतो, बहुभुजांची यादी मात्र थांबते.

अर्धविराम

चर्चा वाचनीय आहे, पण एक आक्षेप नोंदवतो. हे सगळे २ च्या घातांचे गुणधर्म आहेत. त्यात या विशिष्ट संख्येचे असे काय? अंकांच्या दृष्टीने पाहिले तर ही संख्या मला अगदी सामान्य वाटते. देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी ज्यांना हर्षद संख्या हे नाव दिले, म्हणजे ज्यांना स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, त्यांत तरी ती बसते का?

कर्कटक

नाही बसत. अंकांची बेरीज ५७ येते. ५७ म्हणजे ३ × १९, आणि १९ हा आपल्या संख्येचा अवयव नाही, म्हणून ५७ ने भाग जात नाही. द्विमान अंकांची बेरीज ३२, आणि विषम संख्येला ३२ ने भाग जाण्याचा प्रश्नच येत नाही. कापरेकरांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो की अंकांवरचे गुणधर्म आपण निवडलेल्या लेखनपद्धतीवर अवलंबून असतात, तर अवयवांवरचे गुणधर्म कोणत्याही पद्धतीत तेच राहतात. मला दुसऱ्या प्रकारचे गुणधर्म अधिक वजनदार वाटतात, ही आवड म्हणा हवी तर.

आक्षेपाच्या मुख्य भागाबद्दल बोलायचे तर २ च्या घातांचे गुणधर्म सगळीकडे सारखे चालू राहिले असते तर तुमचे म्हणणे मान्य होते. पण ते इथे संपतात. एक नेमके उदाहरण देतो. १ पासून न पर्यंतच्या किती संख्या न शी सहमूळ आहेत, हे मोजणाऱ्या ऑयलरच्या फलाचे मूल्य आपल्या संख्येसाठी २ × ४ × १६ × २५६ × ६५५३६ येते, म्हणजे बरोबर २^३१ = २१४७४८३६४८. लगतच्या पुढच्या संख्येसाठी, म्हणजे २^३२ साठीही तेच मूल्य २^३१ आहे, कारण तिथे फक्त विषम संख्या मोजायच्या. लागोपाठच्या दोन संख्यांना समान मूल्य! हीच गोष्ट १ व २, ३ व ४, १५ व १६, २५५ व २५६, ६५५३५ व ६५५३६ या जोड्यांतही घडते. ४२९४९६७२९५ व ४२९४९६७२९६ ही त्या मालिकेतली शेवटची जोडी. २^६४ − १ साठी ४२९४९६७२९७ मूळ असणे आवश्यक होते. ती नसल्यामुळे मूल्य कमी पडते आणि समानता मोडते. बहुभुज रचता येण्याची अटही याच फलाच्या भाषेत मांडता येते : मूल्य २ चा घात असले पाहिजे. म्हणजे भूमिती, त्रिकोण आणि हे फल या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी एकाच कारणाने थांबतात.

शेजाऱ्यांकडेही पाहा. ४२९४९६७२९४ म्हणजे २ × २१४७४८३६४७, आणि हा दुसरा अवयव म्हणजे २^३१ − १. ती मूळ संख्या असल्याचे ऑयलरनेच १७७२ मध्ये सिद्ध झाल्याचे कळवले होते. त्यामुळे ओळीने चार संख्यांच्या विभाजकांची संख्या ४, ३२, ३३, ४ अशी येते. आपल्या संख्येच्या एका बाजूला ऑयलरने मूळ ठरवलेल्या संख्येची दुप्पट, दुसऱ्या बाजूला दोन पायऱ्यांवर ऑयलरनेच फोडलेली संख्या.

सांगलीकर

६४१ हा अवयव १७३२ मध्ये हाताने कसा सापडला असेल? चार अब्जांच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५ हजारांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायच्या म्हटल्या तर आयुष्य जायचे.

मेरुप्रस्तार

तेवढे करावे लागत नाही. २^३२ + १ ला भागणाऱ्या कोणत्याही मूळ संख्येला ६४ ने भागल्यास बाकी १ च उरली पाहिजे, हे ऑयलरने पुढे सिद्धही केले. ६५ पासून ६४-६४ च्या अंतराने चालत गेले तर पहिल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ या लागतात. २५७ वगळता येते, कारण कोणत्याही दोन फर्मा संख्या परस्परांशी सहमूळ असतात. हे गणितज्ञ गोल्डबाखने १७३० मध्येच ऑयलरला पत्राने कळवले होते, आणि या धाग्यातील गुणाकारावरूनही ते दिसते : आधीच्या पाचांचा गुणाकार सहावीपेक्षा दोनने कमी आहे, म्हणून सामाईक अवयवाने २ ला भागले पाहिजे, आणि सगळ्या तर विषम. तेव्हा प्रत्यक्षात चौथ्याच भागाकाराला उत्तर हाती येते.

आणि एकदा ६४१ माहीत झाला की भागाकार न करताही पडताळा घेता येतो. ६४१ = ५ × २^७ + १, तसेच ६४१ = ५^४ + २^४. पहिल्यावरून, ६४१ ने भागताना ५ × २^७ ही −१ च्या बरोबरीची ठरते. दोन्हींचा चौथा घात घेतला तर ५^४ × २^२८ ही १ च्या बरोबरीची. दुसऱ्यावरून ५^४ ही −२^४ च्या बरोबरीची. ती तिथे ठेवली की −२^३२ ही १ च्या बरोबरीची होते, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. हा पडताळा पोस्टकार्डावर मावतो.

अर्धविराम

आक्षेप मागे घेतो. आता एकच विचारायचे राहिले : सहावी फर्मा मूळ संख्या सापडण्याची शक्यता कितपत आहे?

कर्कटक

बहुतेक जाणकारांना ती सापडणार नाही असे वाटते, पण सिद्धता नाही. २^३२ + १ ला पाचवा क्रमांक दिला, म्हणजे ३ ला शून्य क्रमांक, तर पाचपासून बत्तीसपर्यंतच्या सर्व फर्मा संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे. त्यांपैकी काहींचा एकही अवयव अजून कोणाला माहीत नाही, तरीही त्या संयुक्त आहेत हे पेपॅन याच्या १८७७ मधील कसोटीने कळते. तेहेतिसावी ही निर्णय न झालेली सर्वांत लहान. ती लिहायला सुमारे २५८ कोटी अंक लागतील, आणि पेपॅनची कसोटी लावायची तर तेवढ्या आकाराच्या संख्येचा वर्ग करून बाकी काढण्याची क्रिया आठ अब्जांहून अधिक वेळा करावी लागेल. आजच्या यंत्रांना ते झेपणारे नाही, त्यामुळे तूर्त लहान अवयव सापडतो का एवढेच शोधले जाते. समजा ती मूळ निघालीच, तर विषम बाजूंच्या रचनाक्षम बहुभुजांच्या यादीत आणखी ३२ बहुभुजांची भर पडेल, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्याच्या बाजू ४२९४९६७२९५ गुणिले ती २५८ कोटी अंकांची संख्या इतक्या असतील.